राउटर बदलण्याआधी ताणा पाहा, बाणा पाहा

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांकडून सध्या एक तक्रार वारंवार कानावर येते. घरातले वायफाय सारखे तुटते. गिऱ्हाईक पैसे पाठविले म्हणून मोबाईल दाखविते, पण आपल्या मोबाईलवर जमा झाल्याचा निरोप येत नाही. ई-वे बिल काढायला बसावे तर पान अर्धवट उघडून थांबते आणि भरलेला टेम्पो दारात उभा राहतो. परगावच्या पेढीने व्हॉट्सअॅपवर नमुना मागितलेला असतो, तो वेळेवर गेला नाही की ऑर्डर शेजारच्या कारखान्याला मिळते. २०१६ साली यूपीआय आले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, आणि तेव्हापासून खाली लूम व वर घर अशा आमच्या वस्तीतसुद्धा हा छोटा डबा धंद्याचे एक अवजार होऊन बसला आहे.

परंतु या अवजाराशी आपण अवजारासारखे वागत नाही, अशी आमची तक्रार आहे. भिवंडी-मालेगावचा कारागीर लूम बंद पडला तर नवा लूम आणायला धावत नाही. ताणा तुटला की बाणा, हे तो आधी पाहतो. राउटरच्या बाबतीत मात्र आपल्याला दोनच उपाय ठाऊक आहेत. बटण बंद करून पुन्हा चालू करणे, आणि त्याने भागेनासे झाले की बाजारात जाऊन हजार-दोन हजारांचा नवा राउटर आणणे. पहिल्या उपायाने दोष तात्पुरता झाकला जातो. दुसऱ्याने पुष्कळदा खिसा हलका होतो आणि दोष जागच्या जागी राहतो.

येथेही ताणा आणि बाणा आहेत. कंपनीकडून घरापर्यंत येणारी तार हा ताणा. राउटरपासून मोबाईलपर्यंत हवेतून जाणाऱ्या लहरी हा बाणा. वायफाय म्हणजे फक्त हा दुसरा भाग. इंटरनेट पहिल्या भागातून येते. दोन्ही एकच समजल्यामुळेच सारा घोटाळा होतो. मोबाईलवर वायफायची खूण कायम आहे पण ‘इंटरनेट नाही’ असे लिहून येत असेल तर बहुधा ताणा तुटला आहे. खूणच नाहीशी होत असेल तर बाणा पाहावा. याहून पक्की परीक्षा हवी असेल तर घरातील कॉम्प्युटर वा लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून एक दिवस काम करावे. केबलवरही तुटत असेल तर हवेला दोष देऊ नये. केबलवर सुरळीत चालून फक्त मोबाईलवर तुटत असेल तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. आणि घरातील चार मोबाईलपैकी एकावरच तुटत असेल तर राउटरलाही दोष देऊ नये. त्या मोबाईलमधून वायफायचे नाव काढून टाकून पासवर्ड नव्याने भरावा.

तुटण्याच्या क्षणी डब्यावरील दिवे पाहण्याची सवय लावून घ्यावी. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर वीजपुरवठ्यात गडबड आहे. आमच्या मते हा दोष आपल्या वस्त्यांत जितका असतो तितका ओळखला जात नाही. अॅडॅप्टर जुना झाला की त्याच्यातून पुरेसा दाब मिळत नाही, आणि घरातील सर्वांनी एकदम वापर सुरू केला की राउटर मान टाकतो. पुष्कळ राउटर बारा व्होल्टवर चालतात, पण सगळे नाही. म्हणून डब्याखाली लिहिलेले व्होल्ट व अँपिअर वाचून त्याच मापाचा अॅडॅप्टर आणावा. नवा राउटर आणला की ‘सुधारला’ असे वाटते, ते कित्येकदा त्याच्यासोबत नवा अॅडॅप्टर आला म्हणून! लूमच्या हादऱ्याने पिन सैल होणे हाही त्यातलाच प्रकार. ज्या भिंतीला हादरा बसतो तिच्यावर डबा टांगू नये. शिवाय कापसाचा फुफाटा. डब्याची भोके त्याने बुजतात, वर पत्र्याचे छप्पर असते, आणि दुपारी डबा तापून बंद पडतो. आठवड्यातून एकदा वीज बंद करून कोरड्या ब्रशने भोके साफ करावीत. लूमला तेल घालणाऱ्या हाताला हे काम जड नाही.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होत असेल तर काचेच्या तारेतून प्रकाश पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. ही तार वायरसारखी दुमडून खिळ्याला अडकविली की आतला प्रकाश गळतो. कपाटामागे ती चेपली आहे काय, उंदराने कुरतडली आहे काय, एवढेच आपण पाहावे. टोक उपसू नये आणि त्यात डोकावून तर मुळीच पाहू नये. पुढचे काम कंपनीच्या माणसाचे. जेथे गल्लीतला केबलवाला गच्चीवरून तार आणून देतो, तेथे वीज गेली की गच्चीवरील त्याची पेटीही बंद पडते. घरातील राउटर इन्व्हर्टरवर असून उपयोग काय? त्या पेटीला बॅटरी आहे का, हे त्याला विचारावे.

आता बाणा. जुन्या पद्धतीचे वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालते. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही काम करतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच धरली जातात, १, ६ आणि ११. चाळीत वीस घरांचे वीस राउटर असतील तर ते सारे या तीन वाटांवर गर्दी करतात. डब्याखाली लिहिलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ असा, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये भरला की राउटरचे पान उघडते. तेथे कमी गर्दीचे चॅनेल निवडता येते आणि पट्टा चाळीसऐवजी वीस मेगाहर्ट्झचा ठेवता येतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०१८ साली मोठ्या प्रमाणात खुला झाला. तो वेगवान व मोकळा आहे, परंतु भिंतीपुढे लवकर हरतो. म्हणून डब्याजवळ ५ आणि दूरच्या खोलीत २.४ वापरावे. दोन्हींची नावे एकच असतील तर मोबाईल कधी इकडे कधी तिकडे उडी मारतो व मध्येच तुटतो; तसे होत असल्यास नावे वेगळी करावीत. राउटर लोखंडी कपाटाच्या आड किंवा मोठ्या आरशामागे ठेवणे म्हणजे दिवा पेटवून वर पातेले उपडे घालण्यासारखे आहे.

बूस्टर नावाची वस्तू दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतात. साधा बूस्टर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. केबल टाकून दुसऱ्या मजल्यावर जुनाच राउटर बसविणे त्याहून चांगले. मात्र त्याला ‘अॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवावे, म्हणजे मोबाईलना पत्ते वाटण्याचे त्याचे काम बंद होते. नाही तर एका पेढीवर दोन मुनीम बसून आपापल्या वहीतून एकाच क्रमांकाच्या पावत्या फाडू लागतील, आणि घरातील मोबाईल आळीपाळीने तुटतील.

एवढे पाहून दोष ताण्यातच आहे अशी खात्री झाली तर कंपनीकडे तक्रार करावी, पण मोघम नको. ‘नेट चालत नाही’ असे सांगितले की पलीकडून ‘बंद करून चालू करा’ एवढेच उत्तर येते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणता दिवा लाल होता, केबलवर काय झाले, हे आठ दिवस वहीत टिपून ठेवावे आणि तेच सांगावे. उधारीची वही आपण ठेवतोच की! दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे, आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. हा क्रमांक मागून घेण्यात आपली माणसे संकोच करतात, हे आम्हाला पटत नाही. महिन्याचे बिल आपण वेळेवर भरतो. आणखी एक. डबा कंपनीने दिलेला असेल तर तो कोणाच्या मालकीचा, हे जोडणीच्या कागदावर पाहावे. कंपनीचा असेल तर बिघडल्यावर बदलून देण्याची मागणी आधी लेखी करावी, बाजारात जावे त्यानंतर.