चाचणीचा अहवाल बांधावर कधी येणार?

आज खत-बियाणं बाजूला ठेवून पोरांच्या चाचणीविषयी बोलू. 2023-24 पासून राज्यातल्या जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांत वर्षातून तीनदा एकसारखी चाचणी सुरू झाली. आधी पायाभूत, मग दोन संकलित. पहिल्या वर्षी ती तिसरी ते आठवीसाठी होती. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. कोणतं मूल कुठं अडलंय ते कळावं, हा हेतू चांगलाच आहे.

पण माती परीक्षणाचं बघा. आपण नमुना पेरणीच्या आधी पाठवतो. अहवाल आला की नत्र, स्फुरद, पालाश किती द्यायचं ते ठरतं. तोच अहवाल काढणीला हाती पडला तर काय कामाचा? चाचणीचंही तसंच आहे. हातच्याची वजाबाकी न येणारी पोरं पावसाळ्यात सापडली, तर पुढचे दोन महिने त्यावर जायला हवेत. दोनशिक्षकी शाळेत मात्र गुरुजींनी पेपर तपासायचे, गुण मोबाईलवर भरायचे आणि चार वर्गही सांभाळायचे. शिकवायला वेळ उरतो कुठं?

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. बीडसारख्या जिल्ह्यातून दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या निघतात. पहिली संकलित चाचणीही त्याच सुमारास, दुसरी एप्रिलमध्ये. म्हणजे पायाभूत चाचणीला बसलेलं मूल पुढच्या दोन्ही चाचण्यांना वर्गात असेलच असं नाही. हंगामी वसतिगृह नीट चालतं तिथं ते मागं राहतं, एरवी फडावर. 2025 साली राज्याच्या वेळापत्रकात 25 एप्रिलपर्यंत पेपर होते. उन्हामुळं ओरड झाली, ती रास्तच होती. पण कारखान्यावरून उशिरा परतणाऱ्या पोरांना त्यातल्या त्यात तेच सोयीचं, हे कुणी बोललं नाही.

शेतात चोपण तुकडा असेल तर त्याचा नमुना वेगळा काढा, असं आम्ही सांगतो. सगळ्यात मिसळला तर दोन्हीकडचा हिशेब बिघडतो, सोडून दिला तर अहवाल खोटा. स्थलांतरित मुलांचे निकालही असेच वेगळे मांडायला हवेत. शाळेच्या सरासरीत ती मुलं दिसतच नाहीत.

तेव्हा शाळेत जाऊन मुलाचा पेपर बघायला मागा. नुसते गुण विचारू नका, कोणता प्रश्न चुकला ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं किमान 75 टक्के पालकच असतात. बाहेर जाणाऱ्या मुलांची चाचणी कुठं आणि कोण घेणार, हे टोळी निघायच्या आधीच्या बैठकीत लेखी मागून घ्या.