जुनी भट्टी की गॅस: आधी शेकणाऱ्याचा श्वास मोजा

संकष्टीला आणि माघी गणेशोत्सवात चिंतामणीच्या दर्शनासाठी उसळणारी गर्दी आणि एरवी रस्त्यावरून येणारी तुरळक गिऱ्हाइके, या दोन टोकांमध्ये कळंबच्या खाणावळी आणि नागपूर-यवतमाळ रस्त्यावरचे ढाबे चालतात. यांतल्या अनेक ठिकाणची कोळशाची भट्टी आता थकली आहे. जाळी मधोमध वाकली, तंदूरच्या माठाला तडे गेले, पत्रा तळाशी गंजला. तिची डागडुजी करायची की गॅसवर जायचे, हा प्रश्न वाचक आम्हाला वारंवार विचारतात. आमचे उत्तर असे: रोजचे काम गॅसवर न्या. कोळसा ठेवायचाच असेल तर मोजक्या पदार्थांसाठी, मोकळ्या हवेत आणि धड शेगडीत ठेवा. मोडकी भट्टी केवळ दारात आहे म्हणून पेटवत राहू नका.

यावर पहिला आक्षेप चवीचा येतो. तो खरा आहे, पण वाटतो तितका व्यापक नाही. लाकडाच्या धुराचा वास येतो तो लाकडातल्या लिग्निनपासून. लाकडाचा कोळसा होतानाच तो वास बव्हंशी निघून जातो. म्हणून नीट पेटलेल्या, पांढरी राख धरलेल्या निखाऱ्याला स्वतःचा वास फारसा नसतो. टिक्क्याला किंवा सळईवरच्या मटणाला जी चव आपण कोळशाची म्हणतो, ती मुख्यतः चरबी आणि मसाल्याचे थेंब तापलेल्या पृष्ठभागावर पडून उठणाऱ्या धुराची असते. गॅसच्या शेगडीत आचेवर लाव्हा दगड किंवा जाड लोखंडी पट्ट्या बसवल्या, तर तेच थेंब त्यांच्यावर जळतात आणि बरीचशी तीच चव देतात.

दोन्हींच्या आचेत फरक मात्र आहे. निखारा प्रखर आणि कोरडी उष्णता फेकतो. गॅस जळताना पाणी तयार होते, एक किलो गॅसमागे दीड किलोहून थोडे अधिक. त्यामुळे पातळ तुकड्यांवर झटपट करपा धरायचा असेल तर कोळसा सरस ठरतो. तंदुरी रोटीला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण रोटी भाजतो तो माठाच्या भिंतीत साठलेला ताप. माठ मातीचा, जाड आणि पुरता तापलेला असला, की खाली काय जळते हे जिभेला सहसा कळत नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक तंदूरांत दिवसभर रोटीच तर लागते.

वऱ्हाडाची खरी धुराची चव कोळशाची नव्हेच. कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर निघालेल्या पऱ्हाटीवर किंवा तुराटीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि गोवरीच्या आरात भाजलेले रोडगे, यांची जागा ना कोळसा घेऊ शकतो ना गॅस. ज्याच्याकडे अंगण आहे, त्याने हे पदार्थ हंगामात, उघड्यावर, ठरलेल्या दिवशी करावेत आणि पाटीवर तसे लिहावे. गिऱ्हाईक त्याचे पैसे आनंदाने देईल. त्यासाठी स्वयंपाकघरातली भट्टी बारा महिने पेटती ठेवायचे कारण नाही.

आता हिशेब. एक किलो एलपीजीत साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता असते, चांगल्या लाकडी कोळशात २९ च्या आसपास. म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरची बरोबरी ३० किलो कोळसा करतो. आपल्या गावातले दोन्हींचे भाव या मापाने शेजारी मांडा. एवढ्यावर कोळसा स्वस्त दिसला तरी तिथे थांबू नका. कोळसा गिऱ्हाईक नसतानाही जळत राहतो. सकाळी भट्टी लावली की दुपारी चारला ढाबा रिकामा असला तरी ती खातच असते. गॅस मात्र चावी फिरवली की थांबतो. चतुर्थीला सलग गर्दी असते, त्या दिवशी कोळसा वाया जात नाही. बाकीच्या दिवसांचे काय, हे पाहण्यासाठी आठवडाभर कोळसा तोलून टाका, रोट्या आणि प्लेटी मोजा, आणि एका रोटीला किती कोळसा लागला ते काढा. हा आकडा हातात असल्याशिवाय कोणताही निर्णय अंदाजाचाच राहतो. व्यावसायिक सिलिंडरचा भाव महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो, तेव्हा एका महिन्याच्या भावावरही निकाल देऊ नका.

आपल्या जिल्ह्यात एक धोका इतरांपेक्षा जास्त आहे. वणीला खाणी आहेत, त्यामुळे दगडी कोळसा हाताशी असतो, आणि तो तंदूरात टाकण्याचा मोह होतो. दगडी कोळशात गंधक आणि भरपूर राख असते. घरात दगडी कोळसा जाळल्याने निघणारा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात निश्चित कर्करोगकारक गटात धरला. लाकूड-काटक्यांचा धूर त्याखालच्या, संभाव्य गटात आहे. अन्नाखाली दगडी कोळसा कधीच नको. लाकडी कोळसा घेतानाही पावती आणि वाहतूक परवाना मागा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा हा वनोपज आहे, मग तो जंगलातून आलेला असो वा नसो.

चव आणि पैसा यांच्याही आधी मोजायला हवा तो भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा श्वास. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरते. सायंकाळी तंदूरवाल्याचे डोके दुखते ते नेहमी उन्हाने किंवा जागरणाने दुखते असे नाही. थंडीत पोरे उबेसाठी शेगडी खोलीत ओढून दार लावून झोपतात आणि सकाळी उठत नाहीत. हे कुठल्याही ढाब्यावर घडता कामा नये, आणि ते रोखण्याची जबाबदारी मालकाची आहे. ज्या भट्टीवर बाहेर निघणारे धुराडे नाही आणि जिच्या मागे हवा खेळायला जागा नाही, ती दुरुस्तीला पात्रच नाही. ती आजच बंद करा.

गॅस निर्धोक आहे, असे आम्ही म्हणत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात नको, उभा हवा आणि जमिनीलगत हवेला वाट हवी. खोल माठात आच विझली आणि गॅस सुरूच राहिला, तर तो तळाशी भरतो आणि पुढच्या काडीला भडका उडतो. म्हणून आच विझताच गॅस आपोआप बंद करणारी झडप असलेलाच तंदूर घ्या. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यात वापरणे बेकायदेशीर आहे. त्यातून वाचलेले पैसे एका अपघातात संपतात.

हा निर्णय स्वतःहून घेण्याला महत्त्व आहे. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनावर जाण्यासाठी महापालिकेने दिलेली वर्षभराची मुदत मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी सहा महिन्यांवर आणली. पाठोपाठ कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बेकऱ्यांना भांडवल, जागा आणि पावाची चव यांचा विचार घाईत करावा लागला. ताजमहालाच्या परिसरातल्या कोळशावरच्या उद्योगांवर ३० डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीच वेळ आणली होती. कळंबच्या ढाब्यांना आज अशी नोटीस नाही. म्हणूनच सवडीने बदलण्याची संधी आपल्याला आहे, जी त्या बेकरीवाल्यांना मिळाली नाही.

बदल एका फटक्यात करू नका. पहिला तंदूर गॅसचा घ्या आणि रोट्या त्यावर टाका. जुनी भट्टी महिनाभर शेजारी ठेवा, गर्दीच्या दिवशी पेटवा आणि दोन्हीकडच्या रोट्या न सांगता नेहमीच्या गिऱ्हाइकांना द्या. त्यांना फरक कळला नाही तर भट्टी मोडीत काढा. सळईवरच्या पदार्थांना खरोखर मागणी असेल, तर त्यासाठी एक लहान, जाड पत्र्याची नवी कोळशाची शेगडी उघड्या छपराखाली ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तिला वापरू नका, तापल्यावर त्याची वाफ विषारी असते. आणि निर्णयाला बसताना भट्टीवर काम करणाऱ्याला शेजारी बसवा. आचेचा ताव त्याच्याइतका मालकाला कळत नाही, आणि धुराची किंमत आजवर त्यानेच मोजली आहे.