घट्ट आणि भक्कम

आमच्या लोकांत एक समजूत फार खोल रुजलेली आहे. ती अशी कीं, जें घट्ट तें भक्कम. गांठ घट्ट हवी, झांकण घट्ट हवें, नट घट्ट हवा. गांठीपुरती ही समजूत खरी असेल. पण वेगासाठीं बांधलेल्या मोटारसायकलच्या हँडलाखालीं बेअरिंगांची जी जोडी असते, आणि जिला आपल्याकडील कारागीर ‘कोनसेट’ म्हणतात, तिच्या बाबतींत ती निव्वळ खोटी व प्रसंगीं प्राणघातक आहे. म्हणून तिच्यावर कोठें तरी उघड हल्ला होणें आम्हांस अवश्य वाटतें.

वाङ्मयाच्या मासिकांत नट-पान्यांचें काय काम, असें विचारणारे निघतील. त्यांना उत्तर इतकेंच कीं, हा विषय आतां आपल्याच घरांत आला आहे. सुशिक्षित घरांतील तरुण जुनी जपानी मोटारसायकल विकत घेतो, इमारतीच्या तळाशीं ती सुटी सुटी करतो, आणि सहा सहा महिने खपून पुन्हां उभी करतो. घरचीं माणसें तिची किंमत विचारतात, रंग विचारतात. कोनसेट कोणीं व कसा बसविला हें विचारणारा बाप मात्र आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. औषधाच्या बाटलीवरील तारीख जेथें दोनदां वाचली जाते, त्याच घरांतील ही गोष्ट होय.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. गाडीच्या सांगाड्याच्या तोंडाशीं एक आंखूड नळी असते. पुढचें चाक धरणाऱ्या काट्याचा दांडा तिच्यांतून वर जातो. नळीच्या दोन्ही टोकांस एकेक बेअरिंग: बाहेर पोलादी वाटी, आंत कोन, आणि दोहोंमध्यें गोळ्या. दांड्याच्या वरच्या टोकास खांचांचा एक गोल नट असतो. तो फिरविला कीं दोन्ही बेअरिंगांवर दाब येतो. हा दाब किती असावा, एवढाच काय तो प्रश्न. मुळींच नसेल तर ब्रेक लावतांच काटा नळींत ठक्कन आपटतो. हें दुखणें स्वतःच ओरडतें, म्हणून सर्वांस कळतें. दाब अधिक झाला तर मात्र आवाज नाहीं कीं खुळखुळ नाहीं. उभी गाडी हातास उलट अधिक भरीव लागते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षें गुण म्हणून खपतो.

दुचाकीचा तोल स्वार राखतो असें आपण मानतों. वास्तविक बरेचसें काम पुढचें चाक आपलें आपणच करीत असतें. गाडी डावीकडे कलली कीं चाक किंचित् डावीकडे वळतें, आणि त्या वळण्यानेंच ती पुन्हां उभी होते. फ्रान्सिस व्हिपल यानें केंब्रिज येथें १८९९ सालीं सायकलच्या तोलाचीं समीकरणें मांडलीं; ठराविक वेगांत ती स्वारावांचूनहि उभी राहूं शकते, हें तेव्हांपासून शास्त्रास ठाऊक आहे. चाकाचें हें वळणें फार सूक्ष्म असतें, आणि नट अति आवळला कीं पहिल्यानें मरतें तें हेंच. मग संथ वेगांत गाडी झिंगल्यासारखी नागमोडी चालते. स्वार तिला हातांनीं सरळ करीत राहतो, थकतो, आणि दोष टायरला देतो.

या अपराधाचे पहिले धनी म्हणजे आमचे ‘उस्ताद’. त्यांच्या हातांतील कौशल्याविषयीं आम्हांस अनादर नाहीं. बिघडलेलें इंजिन कानानें ओळखणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु खांचांच्या नटावर छिन्नी टेकवून हातोड्यानें तो ठोकीत जाणें, आणि हँडल जड झालें कीं ‘आतां बसला’ म्हणणें, यास कौशल्य म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यानें १९०० सालीं धातूचा कठीणपणा मोजण्याची एक रीत जगापुढें मांडली: कठीण गोळी ठराविक भारानें धातूवर दाबावयाची व पडलेली खळी मोजावयाची. अति आवळलेल्या कोनसेटांत रस्त्याचा प्रत्येक खड्डा हाच प्रयोग फुकट करून देतो! हँडल पुरा फेरा कधींच घेत नाहीं. सरळ रस्त्यावर त्याच गोळ्या त्याच जागीं बसलेल्या असतात. तेव्हां खळ्याहि तेथेंच पडतात. पुढें हँडल मधोमध अडखळूं लागतें. अशा खळ्या पडलेल्या वाटींत नुसत्या नव्या गोळ्या भरणें म्हणजे फुटक्या माठांत गाळलेलें पाणी ओतणें होय. वाटी, गोळ्या व कोन हीं तिन्हीं एकदमच बदललीं पाहिजेत.

दुसरा अपराधी याच्या अगदीं उलट जातीचा, आणि तो आमच्या वर्गांतून पदवी घेऊन बाहेर पडलेला असल्यामुळें त्याचा आम्हांस अधिक राग येतो. यास उस्तादाची छिन्नी रानटी वाटते. तो फिरविण्याचा जोर दाखविणारा टॉर्क-पाना विकत आणतो, कंपनीच्या पुस्तकांतील आंकडा पाहतो, तेवढा जोर लावतो व हात झटकून मोकळा होतो. त्यास आम्ही विचारतों कीं, बाबा रे, पाना काय मोजतो? नट फिरविण्यास लागणारा जोर. त्यापैकीं साधारण नऊ दशांश भाग आट्यांतील व नटाखालील घर्षणांतच खर्ची पडतो, हें यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असावें. आटे कोरडे कीं ग्रीस लावलेले, जुने कीं नवे, यावर तोच आंकडा निरनिराळा दाब देतो.

आणि पुस्तकावर तरी ठपका कां ठेवावा? तें आंकड्यापाशीं थांबतच नाहीं. सुझुकी जीएसएक्स-आर या मालिकेचींच दुरुस्ती-पुस्तकें घ्या. नट ४५ न्यूटन-मीटर जोरानें आवळावा, असें त्यांत आहे खरें. पण तो जोर वाट्या, गोळ्या व कोन आपापल्या जागीं बसावे यासाठीं आहे. त्यानंतर हँडल दोन्ही बाजूंस पांच-सहा वेळां पूर्ण फिरवावयाचें, आणि मग नट पुन्हां सैल करावयाचा, तोहि पाव फेऱ्याच्या आंतबाहेर. हें प्रमाण गाडीगणिक बदलेल असें बजावूनच. शेवटीं पुढचें चाक जमिनीवरून उचलून हँडलच्या टोकास ताणकाटा अडकवावयाचा, काटकोनांत ओढावयाचें, आणि हँडल हालूं लागतांना काटा २०० ते ५०० ग्रॅमांच्या दरम्यान आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. शाळेच्या प्रयोगशाळेंतला तोच ताणकाटा! ४५ वाचणारा आणि ‘सैल करा’ हें पुढचें वाक्य न वाचणारा मनुष्य साक्षर आहे, वाचक नव्हे.

क्रमासंबंधीं एक गोष्ट दोघेहि विसरतात. खांचांच्या नटावर काट्याचे पाय धरणारी पट्टी बसते व तिच्यावर मोठा नट येतो. हा नट आवळतांना आट्यांतील फट दबते व बेअरिंगांवरील दाब पुन्हां बदलतो. पट्टीचे बोल्ट आधींच कसलेले असतील तर ती मुळीं खालीं सरकूंच शकत नाहीं, आणि बेअरिंगांवर पडावयाचा दाब काट्याचे पायच अडवून धरतात. यास्तव ते बोल्ट सैल ठेवून वरचा नट आवळावा, मग बोल्ट कसावे, आणि माप त्यानंतर घ्यावें. अगोदर घेतलेलें माप म्हणजे जेवणापूर्वीं दिलेली ढेकर.

तिसरा एक पंथ म्हणतो कीं, गोळ्या काढून निमुळत्या रूळांचीं बेअरिंगें घातलीं कीं हा सारा खटाटोप मिटतो. रूळ भार अधिक सोसतात हें मान्य. पण गोळ्यांसाठीं दिलेला आंकडा रूळांस लागू नाहीं, आणि तो तसाच वापरणारे आम्ही पाहतों.

‘पण सैल राहिला तर वेगांत हँडल थडथडेल,’ हा आक्षेप खरा आहे. सैलपणाचा पुरस्कार आम्ही करीत नाहीं. चाक उचलून काट्याचे पाय खालून धरावे व मागें-पुढें हालवावे. तसूभरहि हालचाल जाणवतां कामा नये. मात्र ही थडथड थांबविण्यासाठीं नट आवळणें, किंवा ती झांकण्यासाठीं हँडलास दामटून धरणारा डँपर जोडणें, हा उपाय नव्हे. रॉबिन शार्प यानें १९७१ सालीं दाखविलें कीं, हँडलास विरोध वाढविला म्हणजे थडथड शमते, पण संपूर्ण गाडीचें नागमोडी हेलकावणें अधिक बिकट होतें. एक रोग दडपून दुसरा पोसावयाचा, असा हा व्यवहार आहे.

आमची मागणी लहान आहे. गाडी ताब्यांत घेतांना रंगाच्या व इंजिनाच्या पावतीबरोबर एक चिठ्ठी मागावी. वरचा नट आवळून झाल्यावर, केबली मोकळ्या ठेवून, चाक उचलून घेतलेले ताणकाट्याचे दोन आंकडे तींत असावे. एक डावीकडचा, एक उजवीकडचा. पहिल्या कांहींशें किलोमीटरांनंतर तेच दोन आंकडे पुन्हां घ्यावे, कारण तोंवर नव्या वाट्या आपल्या जागीं आणखी बसलेल्या असतात व दाब उतरलेला असतो.