नेम आणि नियम

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात काय असावे, याला शास्त्रकारांनी कसलीही मर्यादा घातलेली नाही. लोणच्याची बरणी, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, पोळपाट-लाटणे, झालेच तर 'तिकडे चांगली मिळत नाही' म्हणून नारळ खवायची विळी. हे सारे नेणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना कोणी नावे ठेवलेली ऐकली नाहीत. पण माझी भाची रायफल घेऊन विलायतेला नेमबाजीच्या मेळाव्याला निघाली आहे आणि सोबतीला मी जाणार आहे, असे मी नुसते म्हटले मात्र, आमच्या सोसायटीत जेवढी बिऱ्हाडे तेवढे कायदेपंडित निघाले.

या पंडितांचे दोन पक्ष. पहिला पक्ष घाबरटांचा. "बंदूक? विमानातून? आणि तीही मुलीच्या हातात?" असे तीन प्रश्न एका दमात विचारून हे लोक चहा घेतात. दुसरा पक्ष धीटांचा. "त्यात काय एवढं? ओळख काढा! माझ्या साडूचा मेहुणा कस्टममध्ये आहे." (साडूचा मेहुणा हा हिशेबाने बहुधा स्वतःचाच मेहुणा निघतो, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पण ओळख जितकी लांबची तितकी ती वजनदार वाटते, हेही खरेच.) या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे आणि ते आज मी चारचौघांत भांडणार आहे.

आधी घाबरटांकडे वळू. यांना बंदूक म्हटली की हिंदी सिनेमातला डाकू आठवतो. आता आमची भाची काय करते पाहा. पोटावर पालथी पडून ५० मीटरवरच्या एका वर्तुळात गोळी घालते. दहा गुणांच्या त्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. अशा गोळ्या ६०. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. चष्मा पुसून पाहिला तरी मला तो दिसत नाही. त्यातून अंगात कॅनव्हासचे असे ताठ जाकीट की माणूस पेंग्विनसारखा चालतो. हा इसम विमान पळवील असे ज्यांना वाटते, त्यांनी ते जाकीट घालून विमानाच्या खुर्चीत एकदा नुसते बसून दाखवावे.

आणि स्वभाव म्हणाल, तर आमच्या उभ्या खानदानात तिच्याइतके शांत माणूस नाही. राग आला की नाडी वाढते, नाडी वाढली की दहाचे नऊ होतात. त्यामुळे ती रागावतच नाही. मी मात्र रोज रागावतो आणि माझ्याकडे कसलाही परवाना मागितला जात नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला सहा पदके मिळाली, त्यांतली तीन नेमबाजीची. त्यांतलेही एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेचे. त्या दिवशी जिन्यात पेढे वाटणारे हेच घाबरट होते! ती रायफल पॅरिसला काय मनिऑर्डरने गेली होती?

पण खरे भांडण दुसऱ्या पक्षाशी. हे लोक म्हणतात, खेळाडूच आहे ना, मग कशाला हे कागद? सोडा की!

कागद आहेत खरे. इथला शस्त्रपरवाना, त्यावर रायफलीचा क्रमांक. विमान कंपनीची आगाऊ संमती. रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत. काडतुसे वेगळी आणि माणशी ५ किलोच्या आत. "मामाच्या नावावर आणखी पाच घेऊ," असे म्हणायची सोय नाही. दोघांचा कोटा एकत्र करता येत नाही. मामा फक्त लोणच्याच्या वजनाला उपयोगी. शिवाय ब्रिटनमध्ये पाहुण्याने बंदूक आणायची तर पाहुण्यांचा परवाना लागतो. तो तुम्ही मागायचा नाही. तिथे राहणाऱ्या कोणी तरी तिथल्या पोलिसांकडे तुमच्यासाठी अर्ज करायचा. म्हणजे आपल्याकडे मुलगी दाखवायला मध्यस्थ लागतो तसेच. भाचीची फाइल शेवटी रायफलीशी वजनात बरोबरी करू लागली.

मला या फाइलचा कंटाळा आला नाही. का ते सांगतो. हा पाहुण्यांचा परवाना आला १९८८ च्या कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षी हंगरफर्ड नावाच्या गावात एका माणसाने १६ जणांना गोळ्या घातल्या होत्या. त्याच्या बंदुका परवान्याच्या होत्या. पुढे मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावी एक माणूस शाळेत शिरला आणि त्याने १६ मुले व त्यांच्या बाई यांना मारले. त्याचीही पिस्तुले परवान्याचीच होती. १९९७ साली इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये खाजगी पिस्तुलांवर बंदी आली. बंदी इतकी कडक की त्यांच्याच ऑलिंपिक पिस्तूलवाल्यांना सरावासाठी परदेशी जाण्याची पाळी आली. २००२ ची मँचेस्टरची राष्ट्रकुल स्पर्धा आणि २०१२ चे लंडन ऑलिंपिक, दोन्ही वेळा पिस्तुलासाठी खास सवलत काढावी लागली.

यात निरपराध खेळाडूंची ओढाताण झाली का? झाली. पण डनब्लेनच्या त्या सोळा घरांपुढे उभे राहून "अहो, माझ्या सरावाची फार गैरसोय होते हो" असे म्हणायची माझी छाती नाही. तुमची असेल तर जरूर जाऊन म्हणा; ओळख काढून जा हवे तर.

तेव्हा कागद हवा. पण कागद वेगळा आणि मर्जी वेगळी. आपल्याकडे या दोघांचे लग्न लागलेले आहे. निघताना आपल्याच एका विमानतळावर एका मेजामागच्या गृहस्थांनी आमची सारी फाइल चाळली आणि म्हणाले, "अजून एक पत्र लागेल."

"कोणतं?" भाची म्हणाली.

"क्लबचं. नव्या तारखेचं."

"काका, यादीत तर ते नाहीये. कुठल्या नियमात आहे?"

"तसा नियम नाही ओ ताई. पण लागतं."

वाचकहो, 'तसा नियम नाही, पण लागतं' हे वाक्य आपल्या कचेऱ्यांच्या दारावर सोनेरी अक्षरांत कोरायला हवे. आमची पेटी तीनदा उघडली, तीनदा बंद झाली. दोन तास गेले. एवढ्यात एक सफारीवाले गृहस्थ आपली बंदुकीची पेटी घेऊन आले. 'वरून' फोन आलेला होता. पाच मिनिटांत ते हसत पलीकडे. भाचीने एक दीर्घ श्वास घेतला. नाडी ताब्यात ठेवायची तिला सवय आहे. मला नाही. पण मला राग आला तो आमची पेटी तीनदा उघडली म्हणून नव्हे. त्यांची एकदाही उघडली नाही, म्हणून! ओळख काढा म्हणणाऱ्यांनो, तुमच्या साडूच्या मेहुण्याचा अर्थ हा असा आहे. ज्या दारातून ओळखीने चांगला माणूस शिरतो, त्याच दारातून ओळखीने कोणीही शिरतो.

लंडनला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने रायफलीवरचा क्रमांक वाचला, परवान्यावरचा वाचला, पुन्हा एकेक आकडा बोट ठेवून ताडला आणि 'गुड लक' म्हणाला. गोऱ्यांचे कौतुक करायची मला हौस नाही. त्यांचा चहा मी प्यायलो आहे. पण यादीत होते तेवढेच त्याने मागितले, हे कबूल केले पाहिजे.

मेळावा सरे परगण्यातल्या बिझलीला. नेमबाजांची ही पंढरी. इथे १८९० पासून वारी भरते. त्याआधी ती विम्बल्डनला भरत असे. तिथे १८६० साली पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीने झाडली. ४०० यार्डांवरून ती जवळजवळ मधोमध बसली. रायफल मात्र व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने घोडीवर आवळून, नेम लावून ठेवली होती. राणीने रेशमी दोरी ओढली. उद्घाटनाची ही पद्धत आपण तिथूनच उचलली असावी. नेम कारागिराचा, टाळ्या राणीच्या!

आणि बिझलीच्या जुलैतल्या मोठ्या मेळाव्यात एका सामन्याचे नाव आहे 'कोलापोर'. होय, आपले कोल्हापूर! कोल्हापूरच्या राजाने दिलेल्या चषकासाठी १८७१ पासून राष्ट्रकुलातले आठ-आठ जणांचे संघ तिथे झुंजतात. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि कुसाळे यांचे गाव तिथे दीडशे वर्षे आधी जाऊन बसले आहे, हे ऐकून माझी छाती जाकीट न घालताच ताठ झाली.

आम्ही गेलो तो मेळावा ऑगस्टमधला, पॉइंट टू टूवाल्या हौशी मंडळींचा. तंबू, कॅरव्हॅन, आजोबा, नातवंडे, सँडविचे. सगळे जत्रेसारखे. पण मैदानावर रायफलीचा बोल्ट उघडा दिसलाच पाहिजे. हुकूम सुटला की तुम्ही निवृत्त ब्रिगेडियर असा की दाढीदीक्षित, हात जिथल्या तिथे थांबतो. तिथे कोणी 'मला ओळखलं नाहीत का?' असे म्हणत नाही.

आपल्याकडे काय? उत्तरेकडे वरातीत हवेत बार काढतात आणि मांडवातले माणूस मरते. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला. कायदा चोख आहे. पण वरातीतल्या बंदुकीला ओळख असते आणि भाचीच्या रायफलीला फक्त कागद.

विलायतेलाही मी सोडणार नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून त्यांनी नेमबाजीच काढून टाकली. २०१८ ला भारताच्या ६६ पदकांपैकी १६ त्यातली होती. २०२६ च्या ग्लासगोच्या यादीतही ती नाही. कडक नियम करा, माझी ना नाही. पण नियम पाळणाऱ्याला शेवटी खेळायला मिळणार असेल तरच त्या नियमाला अर्थ.

माझे मागणे एवढेच. यादी एकच असावी, ती भिंतीवर लावावी आणि पेटी सर्वांची उघडावी, माझीही आणि मंत्र्याच्या जावयाचीही. शेवटी मैदानाच्या त्या टोकालाही कागदच असतो. तो कोणाचा भाचा विचारत नाही, वरून फोन आला म्हणून नवाचे दहा करत नाही. गोळी लागली तिथे भोक, आणि भोक पडले तेवढे गुण. मेजावरचा कागद तितका प्रामाणिक झाला की दहा किलोची फाइलही मी आनंदाने उचलीन.