शेवटची जोड कोणाची?

सातारा-सांगली भागातील यात्रांची कुस्ती मैदाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तेथील क्रम ठाऊक असतो. आधी शाळकरी पोरांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या जोडी आणि दिवस कलताना नामांकित मल्लांची पहिल्या क्रमांकाची कुस्ती. नवोदित व नामवंत एकाच मातीत, एकाच हलगीवर उतरतात. नव्याजुन्यांचा तोल राखण्याची याहून चांगली रीत क्वचितच सापडेल. मात्र ती एका ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण म्हणजे शेवटची जोड.

गर्दी नावाला जमते, हे मैदान भरविणारी कमिटी जाणून असते. त्यामुळे किताब मिळवून वर्षे लोटलेल्या मल्लालाही पुन्हा पुन्हा आमंत्रण जाते. यात त्या मल्लाला दोष देणे अन्यायाचे होईल. खुराकाचा खर्च आणि कुस्तीनंतरच्या आयुष्याची विवंचना त्यालाही आहेच. आपल्या रंगभूमीनेही हे अनुभवले आहे. मूळ नागठाण्याच्या बालगंधर्वांनी वय उलटल्यावरही तरुण नायिका रंगविल्या आणि प्रेक्षक त्यांच्या नावासाठी येत राहिले. परंतु रंगभूमीवर वय रंगाखाली झाकता येते, आखाड्यात नाही.

आमचा आक्षेप जोड नेमण्याच्या पद्धतीवर आहे. दोन नावाजलेले मल्ल बराच वेळ खडाखडी करतात, कुस्ती बरोबरीत सोडवली जाते आणि दोघांचेही नाव शाबूत राहते. नुकसान होते ते तिसऱ्याचे, म्हणजे ज्याला त्या जागी उभेच केले नाही, त्या उमेदीच्या मल्लाचे.

स्पर्धेत असे होत नाही. २०२२ साली साताऱ्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत तरुण पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला हरवून गदा मिळवली. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा आधीची किताबधारक कोणी नव्हतीच. तरीही प्रतीक्षा बागडीच्या रूपाने एक नाव उभे राहिले. स्पर्धेत जोड नियमाने लागते. मैदानात ती माणसे लावतात. साहजिकच जबाबदारीही त्या माणसांवर येते.

शेवटच्या जोडीत एका बाजूला नामवंत आणि दुसऱ्या बाजूला परिसरातील तयार तरुण असावा. कुस्ती निकाली व्हावी आणि हरणाऱ्यालाही सन्मानाचे मानधन मिळावे. कच्चा मल्ल पुढे ढकलल्यास दुखापत होईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तयारीबाबत वस्तादांचा शब्द प्रमाण मानावा. पण केवळ पराभवाच्या भीतीने कोणाला मागे ठेवू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. हेलसिंकीचे कांस्यपदक त्यानंतरचे, १९५२ चे.

जुन्या मल्लाने नव्याला चीत करावे किंवा त्याच्याकडून चीत व्हावे. दोन्हींत मैदानाचा लाभच आहे. मोठेपण पुढच्या पिढीकडे सोपवायचे, तर त्यासाठी प्रामाणिक पराभवाइतकी थेट वाट आखाड्यात दुसरी नाही.