रिकामी चौकट कुणासाठी?

एखाद्या कवितेवर लेख लिहायचा तर तिच्या दोन-चार ओळी उद्धृत कराव्याच लागतात. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. उलट ओळी न देताच "या कवितेत कारुण्य ओसंडून वाहते" असे लिहिले, तर प्राध्यापक समासात लाल शाईने "आधार?" असा प्रश्न टाकतात. मग लेख चित्राविषयी असला की आपली भूमिका एकदम का बदलते? ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर लेख लिहावा, आणि छापताना चित्राच्या जागी रिकामी चौकट ठेवून खाली "स्वामित्वहक्कामुळे चित्र देता आले नाही" अशी ओळ घालावी, हा कुठला न्याय? हे सोवळे कायद्याने सांगितलेले नाही आणि ते शिक्षणाच्या हिताचेही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेष्टन म्हणजे तबकडीचे पाकीट, त्यात अभ्यासण्यासारखे ते काय, असे कुणी विचारील. अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस हा तरुण चित्रकार १९३९ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत लागला, तेव्हा तबकड्या बहुधा साध्या, एकरंगी वेष्टनांत विकल्या जात. गाण्याला चेहरा असावा हा विचार त्याने रुजवला. पुढे तबकडी गेली, कॅसेट आली आणि गेली, सी. डी. आली. आज गाणे मोबाईलवर ऐकले जाते, तरी त्याच्याबरोबर नखाएवढे का होईना, एक चित्र येतेच.

यांतले एकच चित्र घेऊ. बीटल्स या इंग्रज चौकडीची 'सार्जंट पेपर' ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली. तिचे वेष्टन पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या कलावंत दांपत्याने केले. त्यावर नामवंतांची मोठी गर्दी आहे, आणि त्या गर्दीत जॉर्ज हॅरिसनच्या आवडीचे चार भारतीय योगी आहेत: लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर, परमहंस योगानंद आणि महावतार बाबाजी. गांधीजीही त्यात होते. पण ई. एम. आय. कंपनीच्या, म्हणजे आपल्याकडच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या पालक कंपनीच्या, प्रमुखांना भारतात लोक दुखावतील अशी धास्ती वाटली, आणि गांधीजींना चित्रातून काढण्यात आले. पाश्चात्त्यांच्या मनात त्या काळी भारताची प्रतिमा कोणती होती, व्यापार आणि भावना यांचा मेळ कसा घातला जात होता, हे सारे त्या एका चौरसात आहे. यावर एखाद्या विद्यार्थ्याने दहा पाने लिहिली आणि चौरस मात्र कोरा ठेवला, तर वाचकाने काय पाहायचे? लेखकाचे म्हणणे खरे की खोटे, हे त्याने कशावरून ताडायचे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम हक्काचा भंग न ठरणाऱ्या गोष्टी सांगते. खाजगी अभ्यास व संशोधन, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्त, या तीन कारणांसाठी केलेला रास्त वापर त्यात येतो. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींची तरतूद वेगळी आहे. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात २०१६ साली उच्च न्यायालयाने हीच तरतूद उचलून धरली. वार्षिकांक म्हणजे वर्ग नव्हे, हे मी मान्य करतो. तो छापला जातो आणि घरोघर जातो. म्हणून अंकातल्या लेखाने अध्यापनाच्या तरतुदीवर विसंबू नये. त्याचा खरा आधार 'टीका किंवा परीक्षण' हा आहे, आणि तो पुरेसा आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. कवितेच्या चार ओळी घेता येतात, पण चित्राच्या चार ओळी कशा घेणार? चित्र घ्यायचे तर सगळेच घ्यावे लागते. मग तो उतारा कसला, ती तर नक्कलच! या आक्षेपाचे चांगले उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यात मिळते. तो कायदा आपल्याला बंधनकारक नाही, पण युक्तिवाद विचारात घेण्यासारखा आहे. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाचा सचित्र इतिहास डॉर्लिंग किंडर्स्ली या प्रकाशनसंस्थेने २००३ साली काढला. ४८० पानांच्या त्या ग्रंथात मैफलींच्या जाहिराती आणि तिकिटे यांची सात चित्रे हक्कधारकाशी पैशांचे न जमल्यामुळे परवानगीवाचूनच छापली गेली. २००६ साली अपील न्यायालयाने हा वापर रास्त ठरवला. चित्रे पूर्ण घेतली होती खरी, पण ती पुष्कळ लहान केली होती, मजकुराला जोडून छापली होती आणि इतिहास सांगण्यासाठी वापरली होती. भिंतीवर लावायला कुणी तो ग्रंथ विकत घेणार नव्हते. सारांश, चित्राच्या बाबतीत 'थोडे घेणे' म्हणजे तुकडा कापणे नव्हे. लहान आकारात, कामापुरते घेणे म्हणजे थोडे घेणे.

याचा अर्थ अभ्यासाचे नाव घेतले की सारे माफ, असा मात्र नव्हे. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या वेष्टनावर जे मेझेल यांनी काढलेले छायाचित्र आहे. अँडी बायो याने २००९ साली त्या संगीताची संगणकी आवृत्ती काढली. गाण्यांची परवानगी घेतली, पण वेष्टनासाठी तेच छायाचित्र चौकोनी ठिपक्यांत नव्याने रेखाटून घेतले. मेझेल यांनी दावा लावण्याची तयारी केली, आणि शेवटी बायोने ३२,५०० डॉलर देऊन तडजोड केली. आपला वापर रास्तच होता असे तो म्हणत राहिला, पण लढण्याचा खर्च त्याला झेपणारा नव्हता. मला विचाराल तर मेझेल यांच्या तक्रारीत तथ्य होते, कारण वेष्टनाचे चित्र पुन्हा वेष्टनावरच आले होते. टीकालेखात तसे होत नाही. मात्र न्यायालयाचा निकाल न लागताच नुसत्या खर्चाच्या धाकाने प्रश्न मिटला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आपल्या रिकाम्या चौकटीही अशाच धाकातून जन्मतात, आणि आपल्याला तर कुणी नोटीससुद्धा दिलेली नसते!

"परवानगी मागा की, त्यात काय बिघडते?" असा सल्ला वडीलधारे देतात. मागायला हरकत नाही. पण टीका करण्याची परवानगी ज्याच्यावर टीका करायची त्याच्याकडेच मागायची, तर टीका उरेल का? वेष्टन सुमार आहे किंवा दुसऱ्याची नक्कल आहे असे लिहिणाऱ्याला कंपनी ते चित्र आनंदाने देईल काय? केरळ उच्च न्यायालयाने १९९६ साली सिव्हिक चंद्रन यांच्या प्रतिनाटकाच्या प्रकरणात किती घेतले, कशासाठी घेतले आणि मूळ कृतीशी स्पर्धा होण्याचा संभव किती, हे प्रश्न महत्त्वाचे मानले. मालकाच्या मर्जीपेक्षा ही कसोटी मला अधिक न्यायाची वाटते.

राहता राहिला चित्रकार. स्वामित्वहक्काच्या चर्चेत त्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, आपल्या कायद्याने काढून घेणाराच ठरतो. म्हणजे हक्क बहुधा कंपनीकडे जातो. 'सार्जंट पेपर'सारखे जगभर गाजलेले काम करून ब्लेक यांच्या वाट्याला अवघे दोनशे पौंड आले. मात्र ५७ व्या कलमाने कलावंताला एक हक्क दिला आहे, जो मालकी विकली तरी त्याच्याकडेच राहतो. आपली कृती आपली म्हणून ओळखली जावी, हा तो हक्क. आणि नेमका तोच आपण पायदळी तुडवतो. गायकाचे नाव देतो, संगीतकाराचे देतो, क्वचित तबलजीचेही देतो, पण वेष्टन कुणी केले हे सांगत नाही. रिकाम्या चौकटीने चित्रकाराला काय मिळते? पैसा नाही आणि नावही नाही.

म्हणून आपल्या वार्षिकांकापुरते चार साधे नियम मी सुचवतो. ज्या चित्राची लेखात प्रत्यक्ष चर्चा आहे, तेच छापावे. ते लहान असावे आणि चर्चेच्या शेजारीच असावे. चित्रकार, ध्वनिमुद्रिका, कंपनी व वर्ष यांची नोंद खाली करावी, आणि नाव मिळत नसेल तर वेष्टनाची मागची बाजू, जाणकार, ग्रंथालय असा शोध घ्यावा. अंकाच्या मुखपृष्ठावर किंवा पान भरण्यासाठी असे चित्र कधीही वापरू नये. कसोटी एकच: चित्र काढून टाकले तर लेख लंगडतो का? लंगडत असेल तर चित्राला तिथे जागा आहे. नुसते पान ओकेबोके दिसणार असेल, तर ती सजावट झाली, आणि सजावटीचे मोल मोजलेच पाहिजे.

हे नियम पाळण्याचे कष्ट लेखकाने आणि संपादकांनी घ्यायला हवेत. रिकामी चौकट सोडायला मात्र काहीच कष्ट पडत नाहीत, आणि ती इतकी लोकप्रिय असण्याचे खरे कारण, मला वाटते, तेच आहे.