मांडवावर कोणता वेल?

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरे हे वेळ नदीकाठचे गाव. परंतु पाऊस तेथे बेताचाच. अशा ठिकाणी मांडवासाठी वेल निवडताना केवळ रंगाला भुलू नये. बोगनवेल थोड्या पाण्यावर तगते खरी. पण तिला गंध नाही, आणि काटे मात्र तीक्ष्ण. मांडवाखाली मुले खेळावयाची! माझी पसंती मधुमालतीला. तिच्याही जुन्या देठांचे आकडे बनतात. पण ते चढण्यापुरते. तिचे फूल सायंकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि पुढे लाल होते. रात्री सुगंधाने पतंग येतात. मात्र ती भराभर वाढते व जड होते. म्हणून मांडव आधी भक्कम करावा. पावसाच्या आरंभी हातभर खड्ड्यात शेणखत घालून रोप लावावे आणि पहिल्या उन्हाळ्यात भाजी धुतलेले पाणी त्याच्या आळ्यात ओतीत जावे.